माती परीक्षणाची सेवा: मनोरीतील एका घरासाठी दोनदा घेतलेला अनुभव

मुंबईतील मनोरी गावातले आमचे वडिलोपार्जित कौलारू घर उतरवून त्याच आवारात नवे घर बांधायचे ठरले, तेव्हा कंत्राटदाराने अंगणात टाच आपटून सांगितले, "खाली दगडच आहे ताई, सहा फुटांवर पाया टाकू." त्याचे म्हणणे आवाराच्या एका भागापुरते अगदी खरे होते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत मी माती परीक्षण करणाऱ्या दोन संस्थांची सेवा घेतली. पहिलीचा अहवाल बाजूला ठेवावा लागला, दुसरीच्या अहवालामुळे घराची जागाच बदलली. नाव घेऊन पहिलीची बदनामी करण्याची माझी इच्छा नाही आणि दुसरीचे नाव घेतले तर हे लिखाण जाहिरातीसारखे वाटेल, म्हणून दोन्ही नावे देत नाही. ही सेवा मुंबईत कशी मिळते, तिच्यातून काय हाती येते आणि काय येत नाही, एवढेच सविस्तर सांगते.

मुंबईच्या जमिनीविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय या सेवेची किंमत कळत नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखा सुमारे साठ मीटर उंचीचा उभा काळा पाषाण जिथे जमिनीबाहेर आलेला आहे, त्याच शहरात वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीकाठच्या दलदलीवर भराव टाकून उभे आहे, आणि नरिमन पॉइंट समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर. सर्वसाधारणपणे वर भराव, त्याखाली खाडीची काळी चिकण माती, मग मुरूम, मग झिजलेला आणि शेवटी पक्का दगड असा क्रम सांगितला जातो. परंतु यांतला कोणता थर किती जाड आहे आणि कोणता मुळातच नाही, हे गल्ली बदलली की बदलते. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये कधी मऊ राखेचा दगड, कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्यामुळे दगड लागला म्हणजे खाली सगळा दगडच, हेही गृहीत धरता येत नाही. मनोरी तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा अरुंद पट्टीवर वसलेली आहे. आमच्या दहा गुंठ्यांत पश्चिमेला पुळण, मध्ये मुरमाचा उंचवटा आणि पूर्वेला जुने खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारट दलदल, अशी तीन प्रकारची जमीन निघाली.

पहिली संस्था फेब्रुवारीत आली. दर सर्वांत कमी, बोलणे गोड, आणि आठ दिवसांत अहवाल देण्याचे आश्वासन. त्यांनी फाटकाजवळ, जिथे तिपाई उभी करायला सोपे गेले तिथे, एकच बोअर, म्हणजे खालचे थर तपासण्यासाठीचे अरुंद खोल छिद्र, घेतला. १.८ मीटरवर दगड लागला, त्यात जेमतेम एक मीटर आत जाऊन ते थांबले आणि चौथ्या दिवशी यंत्र परत गेले. अहवाल मात्र चाळीस पानांचा होता. सर्व खांबांखाली २ मीटरवर स्वतंत्र फुटिंग (प्रत्येक खांबाचा वेगळा पाया) चालेल, असा निष्कर्ष त्यात होता. भूजल 'आढळले नाही' असे लिहिले होते. आणि विसाव्या पानावर आमच्या इमारतीच्या दोन तळघरांचा उल्लेख होता. आमच्या घराला तळघर नाही. कुठल्या तरी दुसऱ्या कामाचा मजकूर तसाच उतरवला गेला होता. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो अहवाल वाचला, नकाशावर बोअरच्या जागी पेन्सिलीने टिंब काढले, घराचा पूर्वेकडचा कोपरा तिथून किती दूर आहे ते पट्टीने मोजले आणि मला एकच प्रश्न विचारला, "इथे काय आहे?" याचे उत्तर त्या चाळीस पानांत नव्हते.

त्या प्रश्नाने मला आमच्या जुन्या घराची पूर्वेकडची भिंत आठवली. तिच्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरकी जाणारी एक भेग होती. आजोबा ती दर दोन-तीन वर्षांनी चुन्याने भरत, पुढे वडील सिमेंटने भरू लागले, आणि प्रत्येक वेळी गवंड्यालाच दोष दिला जाई. भिंतीखालची जमीन पाहावी, हे कोणाच्या मनात आले नाही.

दुसऱ्या संस्थेने दर सांगण्याआधी जागा पाहायला माणूस पाठवला, आणि इथेच मला फरक जाणवला. त्याने घराचा नकाशा, विहिरींच्या जागा आणि सांडपाणी कुठे सोडणार हे विचारले, जुन्या घराच्या भेगेचा फोटो काढला आणि तीन बोअर सुचवले. बोअरचा दर या व्यवसायात मीटरवर ठरतो. मातीतला वेगळा, दगडातला त्याहून बराच अधिक, आणि यंत्र आणण्या-नेण्याचे पैसे निराळे. मनोरीत यंत्र भाईंदर-उत्तनमार्गे रस्त्यानेच आणावे लागते, त्यामुळे आणण्या-नेण्याचा खर्च एक बोअर घेतला काय आणि तीन घेतले काय, सारखाच पडतो. एका बोअरवर पैसे वाचवणे म्हणूनही शहाणपणाचे नव्हते. माणसे मात्र रोज सकाळी मार्वेहून तरीने येत आणि संध्याकाळच्या तरीने परत जात.

मे महिन्यातले ते सहा दिवस मी खुर्ची टाकून तिथेच बसले होते, आणि हे काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने निदान एक दिवस तसे बसावे असे मला मनापासून वाटते. दर दीड मीटरला खोदाई थांबवून ते प्रमाणित भेदन चाचणी घेत. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, टोकाला पोकळ नळी असलेल्या सळईवर खडूने १५-१५ सेंटिमीटरच्या तीन खुणा केलेल्या, आणि प्रत्येक खूण जमिनीत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके नळी बसण्यापुरते धरून सोडून देतात. पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे त्या खोलीची एन-व्हॅल्यू. मधल्या बोअरमध्ये मुरूम लागताच ठोके पन्नासच्या पुढे गेले. पूर्वेच्या कोपऱ्यात तीन मीटर खोलीवर मात्र ३० सेंटिमीटरसाठी दोन ठोके पुरले. मोजणारा मुलगा "दोन" म्हणाला आणि फोरमनने वहीत लिहिण्याआधी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी नळी वर काढून फळीवर ठेवली आणि लांबीच्या बाजूने उघडली. ती दोन अर्ध्यांत उघडते. आत निळसर काळी, लोण्यासारखी माती होती, तिच्यात तिसऱ्या या खाडीतल्या शिंपल्यांचे पांढरे तुकडे आणि भरती ओसरल्यावर खाजणातून येतो तसा वास. आजोबांच्या भिंतीखाली हे होते. तिथे दगड ६ मीटरच्याही खाली लागला.

अशा मऊ चिकण मातीत केवळ ठोके मोजून भागत नाही, कारण ती आज किती भार पेलते याच्याइतकाच, ती वर्षानुवर्षे किती दबत जाईल हा प्रश्न महत्त्वाचा असतो. त्यासाठी पातळ भिंतीच्या नळीत माती न विस्कटता काढावी लागते, दोन्ही तोंडे मेणाने बंद करून प्रयोगशाळेत न्यावी लागते आणि तिथे दाबून पाहावी लागते. दुसऱ्या संस्थेने असे दोन नमुने घेतले. उन्हात ठेवलेली एक नळी फोरमनने स्वतः उचलून ओल्या गोणपाटाखाली सरकवली, ही गोष्ट लहान असली तरी माझा विश्वास त्या क्षणी बसला.

दगड लागल्यावर ते तीन मीटर आत गेले. कधी लागलेला दगड म्हणजे मातीत अडकलेला एखादा मोठा धोंडाच असतो, आणि एक मीटरवर थांबणाऱ्याला ते कळत नाही. काढलेले दगडाचे दांडके लाकडी खोक्याच्या कप्प्यांत क्रमाने मांडले होते. या किनारपट्टीत काळ्या बेसाल्टबरोबर ट्रॅकाइट आणि रायोलाइट असे फिकट दगडही आहेत. आमच्या खोक्यात पिवळसर करडे तुकडे होते, काहींच्या फटींत गंजासारखा रंग. दीड मीटरच्या एका फेरीत १.३५ मीटर दगड हाती आला, परंतु १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ०.७५ मीटरच भरली. म्हणजे हाती आलेले प्रमाण ९० टक्के आणि आरक्यूडी, म्हणजे लांब अखंड तुकड्यांचे प्रमाण, ५० टक्के. केवळ पहिला आकडा सांगितला तर दगड उत्तम वाटतो. दुसरा सांगितला की तो बराच तडकलेला आहे हे समजते. अहवालात हे दोन्ही आकडे पाहावेत आणि खोक्याचा फोटो मागून घ्यावा. आमच्या दुमजली घराला तोही दगड भरपूर होता.

या निष्कर्षांवरून इंजिनिअरने घर साधारण चार मीटर पश्चिमेला सरकवले, म्हणजे सगळे खांब मुरूम-दगडावर आले आणि पूर्वेची मऊ जमीन अंगणाकडे गेली. एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला चिकण माती असे घर उभे राहिले असते, तर दगडावरची बाजू जागच्या जागी राहून दुसरी बाजू हळूहळू खचली असती, आणि चुन्याने भरायची ती भेग पुढच्या पिढीलाही मिळाली असती. भूजलातील क्लोराइड आणि सल्फेट यांचीही तपासणी झाली. किनारी हवामानात लोखंडी सळया गंजतात म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळयांवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन धरले. कंत्राटदार त्याहून कमी मजबूत एम-२० धरून बसला होता.

आता सांडपाण्याविषयी सांगते, कारण माझ्या मते या सेवेतील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मनोरी-गोराईच्या बाजूला अनेक घरांना आजही सेप्टिक टँकचाच आधार आहे. टाकी कशी बांधायची हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते, पण टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमीन पिईल का, हे कोणी तपासत नाही. ते पाणी शुद्ध झालेले नसते. टाकीत फक्त गाळ बसतो आणि थोडा कुजतो, उरलेले काम जमिनीनेच करायचे असते. दोन्ही संस्थांच्या दरपत्रकात शोषण चाचणी नव्हती. पायाची माती आणि शोषखड्ड्याची माती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, किंबहुना उलटे प्रश्न आहेत, हे मला तेव्हा उमगले: जो कातळ वरच्यावर लागला म्हणून इंजिनिअर खूश होतो, त्यात पाणी मुरत नाही. मी आग्रह धरल्यावर दुसऱ्या संस्थेने ही चाचणी करण्याचे मान्य केले, आणि त्यांनी स्वतःहून सांगितले की ती मे महिन्यात करण्यात अर्थ नाही, ऑगस्टमध्ये येऊ. कोरड्या जमिनीत कुठलेही पाणी मुरते.

चाचणी अगदी साधी आहे. सांडपाणी मुरवण्याचा चर जेवढा खोल जाणार तेवढ्या खोलीचा, दहा ते तीस सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्यायचा, पहारीने गुळगुळीत झालेल्या त्याच्या बाजू खरवडायच्या, तळाशी ५ सेंटिमीटर खडी घालायची आणि पाणी भरून तो रात्रभर मुरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या-अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते पट्टीने मोजायचे आणि २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते काढायचे. आयएस २४७० या मानकानुसार ३० मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा किंवा चर, ३० ते ६० मिनिटे लागली तर चरच, आणि ६० मिनिटांहून अधिक लागली तर त्या जमिनीवर भिस्त ठेवता येत नाही. आमच्या पश्चिमेच्या पुळणीत पाणी पाहता पाहता नाहीसे झाले. गवंड्याने तीच जागा शोषखड्ड्यासाठी योजली होती. पण तिथून शेजारच्या मावशींची विहीर अकरा मीटरवर आहे, आणि अशी व्यवस्था पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर असावी लागते. वाळूतून झरझर जाणारे पाणी गाळले जाण्याआधीच विहिरीत पोहोचते. मावशींकडे पाहुणे आले की अजूनही त्याच विहिरीचे पाणी भरतात. पूर्वेच्या चिकण मातीतील खड्ड्यात दोन तासांत पातळी हललीच नाही. उत्तरेच्या मुरमाच्या पट्ट्यात २५ मिलिमीटरला ४० मिनिटे लागली, विहीर तिथून वीस मीटरहून दूर आणि घरही सहा मीटरच्या पलीकडे. शोषखड्ड्याऐवजी लांब, उथळ चर तिथे काढला.

पाण्याच्या पातळीबाबत दुसऱ्या संस्थेने एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या बोअरमध्ये त्यांनी भोके पाडलेला पीव्हीसी पाइप ठेवला, वर झाकण बसवले, आणि दर रविवारी दोरीला वजन बांधून पातळी मोजायला मला सांगितले. बोअर खोदताना पाणी वापरतात, म्हणून त्याच दिवशी घेतलेली पातळी खोटी ठरते. निदान चोवीस तास थांबावे लागते. आणि जिथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे उन्हाळ्यातला एकच आकडा काय सांगणार? पूर्वेच्या पाइपात मे महिन्यात २.४ मीटरवर असलेले पाणी जुलैच्या शेवटी ४० सेंटिमीटरवर आले. उत्तरेला ते भर पावसातही २.१ मीटरच्या वर चढले नाही. भूजल जमिनीखाली १८० सेंटिमीटरच्या आत येत असेल तर चर उंचवट्यावर बांधावा लागतो. उत्तरेला पाणी त्याहून खालीच राहत असल्यामुळे आमचा जमिनीतच बसला.

बागेच्या बाबतीत मात्र दोन्ही संस्थांची सेवा निरुपयोगी ठरली, आणि हा दोष त्यांचा म्हणण्यापेक्षा आमच्या अपेक्षेचा आहे. बोअरच्या नोंदीत वरच्या ३० सेंटिमीटरविषयी 'भरावाची माती' एवढेच लिहिलेले असते आणि तिचा नमुना बहुधा घेतही नाहीत. झाडांची मुळे जिथे राहतात तो थर या अहवालाच्या दृष्टीने काढून टाकायचा कचरा असतो. त्यासाठी मी वेगळा नमुना कृषी प्रयोगशाळेत दिला. वाफ्यासाठी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, आवारात आठ-दहा ठिकाणी हेच करायचे, सगळी माती गोणपाटावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. शेणखताच्या ढिगाजवळची किंवा झाडाच्या बुंध्याची माती घ्यायची नाही. फळझाडासाठी ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे द्यावेत. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात. आमच्यासारख्यांनी सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आधी पाहिले तरी पुष्कळ कळते. आमचा सामू ८.३ आला. जुन्या घराचा चुना, पाडकामाचे तुकडे आणि शिंपले यांनी माती चुनखडीची केली होती, आणि दरवर्षी अनंताच्या झाडाची नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी का पडत होती ते समजले: लोह मातीत असूनही मुळांना मिळत नव्हते. मी इतकी वर्षे नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून त्याला युरिया घालत होते. आता अनंत मोठ्या कुंडीत पोयटा आणि शेणखतात लावला आहे आणि पूर्वेच्या खारट कोपऱ्यात नारळ ठेवले आहेत, त्यांना त्या मातीची तक्रार नाही.

दुसऱ्या संस्थेतही उणिवा आहेत. तीन आठवड्यांत देतो म्हणालेला अहवाल सहा आठवड्यांनी आला. तो संपूर्ण इंग्रजीत होता आणि ज्याच्या घराचा तो आहे त्याला कळेल असे एक पानही त्यात नव्हते. मराठीतले दोन पानांचे सार जोडणे मुंबईत काम करणाऱ्या संस्थेला जड जाऊ नये. खोदाईचा चिखल त्यांनी अबोलीच्या वाफ्यावर सोडला आणि तो साफ न करताच गेले. शोषण चाचणी मागितल्याशिवाय मिळत नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे, कारण जिथे मलनिस्सारणाची वाहिनी नाही तिथे ती दरपत्रकात पहिल्या ओळीत असायला हवी. असे असूनही मी त्यांनाच पुन्हा बोलावीन. तिन्ही बोअर, प्रयोगशाळा आणि शोषण चाचणी मिळून आलेला खर्च आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि कपाटांवर झालेल्या खर्चापेक्षा कमी होता.

ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, त्यांनाही सांगावेसे वाटते: विकासक माती परीक्षण करतोच, पण तो अहवाल सभासद क्वचित मागतात. तो मागावा, बोअरच्या जागा नव्या इमारतीच्या नकाशावर उमटवून घ्याव्यात, दगडात किती खोल गेले, पाणी केव्हा मोजले हे विचारावे, आणि आपल्या इमारतीशी न जुळणारे एखादे वाक्य कुठे राहिले आहे का ते पाहावे. त्याला अभियंता असावे लागत नाही.

नवीन घराचे अंगण करताना फरशीवाल्याने पूर्वेचा पाइप कापून वर सिमेंट घालायला घेतले होते. मी तो वाचवून त्याला पितळी झाकण करून घेतले. या पावसाळ्यातही दर रविवारी पातळी मोजते आणि वहीची एक प्रत शेजारच्या मावशींना देते, कारण विहीर त्यांची आहे.